तिसऱ्या दिवशी राही…

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी ५४ वर्षांची आहे आणि एकटीच फिरते. गेल्या ऑक्टोबरात लात्व्हियात एका खेड्यातल्या कुटुंबाकडे चार रात्री राहिले. तिथलं जगणं आतून बघायचं म्हणून मुद्दाम हॉटेल टाळलं होतं. घर स्वच्छ, बाई नीटनेटक्या, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. माझं जेवण आधी मांडायच्या, ते दोघं नंतर आत जेवायचे. तिसऱ्या दिवशी मी माझं ताट धुवायला स्वयंपाकघरात घेऊन गेले, तर बाईंनी ते हातातून काढून घेतलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी गुपचूप खोलीत जाऊन बसले. पैसे मोजून कुणाच्या तरी घरात घुसल्यासारखं वाटलं. आता जुलैमध्ये किर्गिझस्तानला जायचं ठरवलंय. १४ दिवस, सात घरं, प्रत्येक घरी दोन रात्री. एक घर जमलं नाही तर दुसरं जमेल! माझं चुकलं कुठे? मला भाषा येत नाही, मी मांस-मासे खात नाही, आणि मुलगा म्हणतो की अनोळखी घरात राहणं धोक्याचं आहे.

— दारातून परतलेली

ता. क. निघताना बाईंनी कागदात गुंडाळलेले लोकरीचे हातमोजे दिले. विकायचे असतील असं वाटून मी किंमत विचारली, तर त्यांनी नुसती मान हलवली.

उत्तर:

प्रिय दारातून परतलेल्या बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ताजा कलमापासून सुरुवात केली. त्या हातमोज्यांकडे शेवटी येते. आधी ताटाचं बघू.

ताट उचलण्यामागचा तुमचा हेतू चांगला होता आणि तो त्या बाईंनाही कळला असणार. पण जरा त्यांच्या जागी उभ्या राहा. तुम्ही पैसे दिले होते. त्या पैशांत तुमच्यासाठी काय काय करायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: चादरी, गरम पाणी, जेवण, भांडी. आणि अचानक पाहुणीच भांडी घासायला निघाली. म्हणजे एक तर आपलं काहीतरी कमी पडलं, नाहीतर आपली घासलेली भांडी हिला स्वच्छ वाटत नाहीत. शिवाय स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात खासगी जागा. झोपायची खोली पाहुण्यासाठी आवरता येते. स्वयंपाकघरात मात्र कालचं उरलेलं, उद्याचं भिजवलेलं, टवका उडालेला पेला, सगळं उघडं पडलेलं असतं. तुम्ही तिथे न विचारता शिरलात, एवढंच घडलं. त्यात लात्व्हियातली माणसं मुळात मितभाषी. अनोळखी माणसाकडे बघून उगाच हसायची तिथे रीत नाही. तुम्हाला राग वाटला तो चेहरा बहुधा नुसता गडबडलेला होता.

अनेकांना वाटतं की पाहुण्याने मदत केली की अंतर कमी होतं. माझा अनुभव उलटा आहे. ‘मी मदत करते’ म्हणताना आपण यजमानाच्या बरोबरीला जाऊन उभे राहतो, आणि त्याने ती जागा अजून दिलेली नसते. ‘मला शिकवाल का?’ म्हटलं की आपण एक पायरी खाली उतरतो आणि तो वर चढतो. बहुतेक घरांची दारं याच वाक्याने उघडतात. त्या बाईंकडे ताट घेऊन जाण्याऐवजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून, त्या जे काही करत होत्या त्याकडे बोट दाखवून, ‘हे कसं करतात?’ असं खुणेने विचारलं असतंत, तर दहा मिनिटांत तुमच्या हातात सुरी आली असती. मग तुमचं वेडंवाकडं चिरणं बघून त्या हसल्याही असत्या. परक्या घरात आपला गबाळेपणा हे मोठं भांडवल असतं. ते वापरायला लाजू नका.

आता मुख्य आक्षेप. तुमचा सात घरांचा बेत मला अजिबात पटलेला नाही.

‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ अशी आपली म्हण. नातेवाइकांच्या बाबतीत ती खरी असेलही. पण परदेशातल्या घरी राहायला जाणाऱ्याने ती साफ उलटी करायला हवी. तुम्ही शोधताय ती गोष्ट तिसऱ्या दिवसानंतरच सुरू होते. दोन रात्री म्हणजे काय, हिशेब करून बघा. पहिल्या दिवशी दुपारी थकून पोहोचता. दुसऱ्या दिवशी यजमान तुम्हाला नेहमीचं ठरलेलं सगळं दाखवतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पिशवी भरता. असं सात वेळा केलंत तर सात पहिले दिवस बघाल, चौथा एकही नाही. एखादं घर न जमण्याची भीती घालवायला तुम्ही घरं वाढवताय आणि त्यामुळे एकही न जमण्याची सोय करताय.

किर्गिझस्तानातच कोचकोर गावाजवळच्या एका घरात मी सहा रात्री राहिले होते. तिथल्या घरात किंवा युर्तमध्ये (म्हणजे लोकरीच्या गोल तंबूत) दारासमोरच्या, दारापासून सगळ्यात लांबच्या जागेला ‘तोर’ म्हणतात. ती मानाची जागा. पहिले दोन दिवस मला तिथेच बसवलं गेलं. सून दाराशी बसून वाट्या भरायची आणि हातोहात माझ्यापर्यंत चहा यायचा. वाटीत चहा अगदी तळाशी असायचा, दोन घोटांचा. मी खुणेने ‘पूर्ण भरा’ म्हटलं तेव्हा सून ओठ दाबून हसली होती. का हसली ते नंतर कळलं. थोडा थोडा चहा ओतणं म्हणजे ‘बसा, मी पुन्हा पुन्हा भरत राहीन’. काठोकाठ वाटी दिली तर ‘प्या आणि निघा’ असा अर्थ होतो. म्हणजे मी पहिल्याच दिवशी स्वतःला हाकलून द्या म्हणाले होते!

तिसऱ्या संध्याकाळी आजीबाईंनी मला तोरवरून उठवलं आणि दाराशी, सुनेच्या शेजारी बसवलं. क्षणभर वाईट वाटलं, मान गेला म्हणून. मग सुनेने किटली माझ्या हातात दिली. त्या रात्री मी सगळ्यांचा चहा ओतला, एकाला चुकून जास्त ओतला आणि घरभर हशा झाला. पाचव्या दिवशी आजीबाई शिरदाक शिवत होत्या. शिरदाक म्हणजे नमद्याचा, दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, गालिचा. दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापतात आणि मग एकातला तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसवून शिवतात, काही वाया जात नाही. युनेस्कोने २०१२ मध्ये या कलेची तातडीने जपण्याजोगा वारसा म्हणून नोंद केली, ही माहिती मी घरून वाचून गेले होते. आजीबाईंनी मला शिवायला दिली ती एक कडा, वीतभर लांब. ती त्यांनी रात्री उसवली असणार, याची मला खात्री आहे.

दुसऱ्या रात्रीनंतर मी पुढच्या गावाला गेले असते, तर माझ्या आठवणीत त्या घरचा चहा कंजूष राहिला असता.

म्हणून बेत असा करा. राजधानी बिश्केकला पोहोचल्यावर एक रात्र साध्या गेस्टहाउसमध्ये झोप काढा. मग कोचकोर भागात एका घरी सहा रात्री. त्यानंतर सोंग-कोल तलावाकाठी, उन्हाळ्यात गुरं घेऊन वर गेलेल्या एखाद्या कुटुंबाच्या युर्तमध्ये चार रात्री. तो तलाव ३,०१६ मीटर उंचीवर आहे, म्हणून आधी खालचं गाव आणि मग वरचं कुरण हा क्रम बदलू नका. जुलैतही रात्री गारठतं. उरलेले दिवस प्रवासात आणि गाडी न मिळण्यात जातील. कोचकोरला २००० साली स्विस संस्था हेल्वेटासच्या मदतीने गावकऱ्यांचा पर्यटन गट उभा राहिला. पुढे देशभर असे गट झाले. त्यांच्यामार्फत घर ठरवताना एकच गोष्ट ठासून सांगा: ‘मला फिरायचं नाही, एकाच घरी राहायचं आहे.’ त्यांना नवल वाटेल. वाटू द्या.

घर निवडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लात्व्हियातल्या गोंधळाचं अर्धं मूळ तिथेच असावं. ‘होमस्टे’ हा शब्द आता इतका ताणला गेलाय की त्यात काहीही मावतं. क्युबातली ‘कासा पार्तिक्युलार’ ही १९९७ पासून परवान्याने चालणारी घरं आहेत. दारावर जहाजाच्या उलट्या नांगरासारखं निळं चिन्ह असतं. तिथे तुम्ही मुळात भाडेकरू, घरच्यांशी गप्पा झाल्या तर तो वरचा लाभ. पेरूत तितिकाका तलावातल्या अमंतानी बेटावर कुटुंबं पाळीपाळीने पाहुणे घेतात. बोट लागली की तुमचं कुटुंब धक्क्यावर उभं असतं, घर तुम्ही निवडत नाही. रात्री पाहुण्यांनाही तिथला पोशाख चढवून नाचायला नेतात. काही प्रवासी ‘हे आमच्यासाठी रचलेलं’ म्हणून नाकं मुरडतात. मला ते मुरडणं आवडत नाही. तुमच्यासाठी कुणी काही रचलं तर त्यात अपमान कसला? अस्सल घर बघायला आलेल्या माणसाने निदान एवढं ओळखावं की पाहुणे आल्यावर जगातलं प्रत्येक घर थोडं नाटक करतं.

जपानमध्ये घरात पाहुणे ठेवण्याबद्दल २०१८ मध्ये कायदा लागू झाला आणि त्यात वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आली. त्याखालच्या काही घरांत मालक राहतो, काहींत कुणीच राहत नाही, नुसती किल्ली मिळते. म्हणून जिथे जाल तिथे आधी लेखी विचारा: घरात तुम्ही स्वतः राहता का, कोण कोण असतं, आणि संध्याकाळचं जेवण एकत्र होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर घर वाईट ठरत नाही, पण आपण काय घेतोय ते आधी कळतं. लात्व्हियात हा प्रश्न विचारला होतात का?

पैशांचा व्यवहार नसलेल्या वाटाही आहेत. सर्व्हास ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. माणसं एकमेकांच्या घरी राहिली तर शांततेला बळ मिळेल, ही त्यामागची कल्पना. सदस्य होण्याआधी मुलाखत होते आणि यजमान पैसे घेत नाही. वूफ ही १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली चळवळ. त्यात सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास काम करायचं आणि बदल्यात राहणं-जेवण मिळतं. मात्र अनेक देश याला नोकरीच समजतात आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही, तेव्हा आधी नियम बघा.

आता तुमचा टोचणारा प्रश्न, पैसे दिल्यावर आपण कोण? माझं मत सरळ आहे. पैसे देणं हीच सभ्य गोष्ट आहे. तुमच्यासाठी वेगळी चूल पेटते, वेगळी चादर धुतली जाते, कुणाची तरी खोली रिकामी होते. ठरलेली रक्कम घासाघीस न करता द्या. मध्ये दलाल असेल तर घरापर्यंत किती पोहोचतं ते विचारा. त्या पैशांत खोली आणि जेवण येतं, माया येत नाही. ती मिळाली नाही म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. आणि मिळाली तर तिचीही किंमत विचारू नका. (हे वाक्य तुम्हाला लागलं असेल. लागू दे.)

खाण्याचं. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर विसंबू नका. किर्गिझ घरात त्याचा अर्थ ‘सूपमधले मांसाचे तुकडे काढून दिले की झालं’ असाही घेतला जातो. जपानमध्ये तर साध्या वाटणाऱ्या रशातही बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. पदार्थांची नावं लिहा: मांस नको, मासे नकोत, हाडं किंवा मांस उकळलेलं पाणी नको. आणि काय चालतं तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं. दूध, साय, अंडी चालत असतील तर तसं सांगा, यजमानीण सुटकेचा निःश्वास टाकेल. हे सगळं किर्गिझ आणि रशियन भाषेत लिहून घेऊन जाण्याआधी पाठवा. जेवायला बसल्यावर सांगणं म्हणजे दिवसभर राबलेल्या बाईला नापास करणं. कुमिस, म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध, समोर येईल. त्यात किंचित मद्यार्क असतो, नको असेल तर हात छातीवर ठेवून नकार द्या. पाव मात्र नाकारू नका. तिथे घाईत असलेल्या माणसालाही निघण्यापूर्वी पावाचा तुकडा तोंडाला लावायला सांगतात. आणि तो पाव जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवर कधीही पालथा ठेवू नका.

भाषेची चिंता तुम्हाला वाटते तेवढी करू नका. चाळीस शब्द वहीत लिहून न्या आणि मोबाइलमधलं भाषांतर अडलं तरच काढा. घरच्या माणसांचे कागदावर छापलेले दहा-बारा फोटो न्या. ते हातोहात फिरतात, मग तिकडून अल्बम निघतो, आणि ‘हा कोण, ही कोण’ करत तासभर जातो. नाती दाखवायला व्याकरण लागत नाही.

मुलाला असं सांगा. एकट्या स्त्रियांनी लिहिलेले अभिप्राय वाचूनच मी घर निवडीन. खोलीला आतून कडी आहे का ते आधी विचारीन. पत्ता आणि यजमानांचा नंबर तुझ्याकडे असेल, आणि एका रात्रीचं हॉटेल व परतीची गाडी एवढे पैसे वेगळे बांधलेले असतील. मनात पाल चुकचुकली तर कारण न देता निघीन. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण तुमच्यासारखी भिडस्त माणसं वाईट वाटेल म्हणून बसून राहतात. यजमानाने पासपोर्ट मागितला तर घाबरू नका. चीन आणि इटलीसारख्या देशांत पाहुण्याची नोंद २४ तासांत पोलिसांकडे करावी लागते. फोटो काढू द्या, पासपोर्ट मात्र कुणाकडे ठेवायला देऊ नका.

आता हातमोजे.

लात्व्हियात हातमोजे ही साधी वस्तू नाही. पूर्वी मुली लग्नाआधी वर्षानुवर्षं ते विणून पेटीत साठवायच्या आणि लग्नात सासरच्या माणसांना वाटायच्या. २००६ मध्ये राजधानी रिगाला नाटोची शिखर परिषद भरली तेव्हा आलेल्या पाहुण्यांसाठी देशभरच्या बायकांनी साडेचार हजार जोड विणले होते. त्या बाई कदाचित येणाऱ्या प्रत्येकाला एक जोड देत असतील. असेलही. पण चार दिवस फारसं न बोलणाऱ्या बाईने निरोपाला काय निवडलं ते बघा. आणि तुम्ही म्हणालात, ‘किती झाले?’

तुम्ही दारातून परतला नाहीत. दार थोडं उघडलं तेव्हा तुम्ही पाकीट काढलंत.

तेव्हा किर्गिझस्तानला जरूर जा, दोनच घरं धरून. पण त्याआधी एक पत्र लिहा. मेल नको, कागदावर. सोबत एक फोटो पाठवा: हातमोजे घातलेले तुमचे दोन्ही हात. भाषांतर करून घेतलेल्या चार ओळी पुरतील. किंमत विचारल्याबद्दल क्षमा मागा आणि पुढच्या वर्षी २३ जूनला तुमच्याकडे खोली मिळेल का, ते विचारा. त्या संध्याकाळी तिथे लीगो असतो, दुसऱ्या दिवशी यानी, वर्षातला सगळ्यात लाडका सण. होळ्या पेटतात, शहाजिरं घातलेलं चीज खातात, सूर्य उगवेपर्यंत कुणी झोपत नाही. बायका फुलांचे आणि गवताचे मुकुट गुंफतात, पुरुषांसाठी ओकच्या पानांचे. त्या दिवशी घरात हात कमी पडतात. मुकुट कसा गुंफायचा ते शिकवाल का, एवढं पत्रात विचारा. गेलात तर फुलं घेऊन जा, पण विषम संख्येत. सम संख्येची फुलं तिथे मयताला नेतात. पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, स्वतःच्या हाताने त्यांच्या लिपीत एक शब्द लिहा. त्याचा उच्चार ‘पाल्दिएस’. म्हणजे धन्यवाद.